एका नाण्याच्या दोन चिठ्ठ्या

वाशीच्या नाणे-प्रदर्शनात परीक्षक केळुसकर यांनी मला दोन दिवसांत दोनदा फसवलं. शनिवारी त्यांनी खऱ्याला खोटं म्हटलं आणि रविवारी खोट्याला खरं. दोन्ही वेळा चिठ्ठीवर त्यांची सही आहे, दोन्ही चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. ज्यांनी वाशी पाहिली नाही आणि नाणी जमवण्याचा नाद ज्यांना नाही, त्यांच्यासाठी ही हकिगत पहिल्यापासून सांगतो.

मी लोणंदचा. कांदा-लसणाचा व्यापारी. बापाने काही ठेवलं नव्हतं, जे आहे ते पाठीवर पोती वाहून केलेलं आहे. नाणी जमवतो, पण राजेमहाराजांची नव्हेत. सरकार एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून जी नाणी काढतं, ती. सदतीस आहेत माझ्याकडे. त्यातलं एक सोडून बाकी सगळी घासाघीस करून घेतलेली आहेत.

ते एक म्हणजे स्वातंत्र्याच्या पंचविशीचं, बहात्तर सालचं, चांदीचं दहा रुपयांचं नाणं. त्या वर्षी दुष्काळ होता. माझी थोरली बहीण, अक्का, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मी एका अडत्याकडे दिवाळीचा आठवडाभर पोती उचलली आणि त्याने हमालीत मला हे नवं कोरं नाणं दिलं. भाऊबीजेला मी ते अक्काच्या ताटात घातलं. तिने ते उचलून माझ्या हातात परत ठेवलं. "हे तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. ह्याच्यावर धंदा कर. मोठा झालास की मग दे." तिच्या हाताला तेव्हा खडीचे घट्टे होते, हे मी विसरलेलो नाही.

मी ते मोडलं नाही. अडतीच्या पावतीत गुंडाळून, त्याच हिवाळ्यात उधारीवर टाकलेल्या लसणाच्या दुकानातल्या लाकडी गल्ल्याच्या तळाशी ठेवलं. चोवीस वर्षं ते तिथे होतं. लसणाची वाफ चांदीला लागते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. एक दिवस कागद उघडला तर नाण्याची कड मोराच्या मानेसारखी निळी झालेली, तिच्या आत जांभळा पट्टा, त्याच्या आत पिकल्या केळाचा पिवळा आणि मधोमध चांदी तशीच पांढरी. नाण्यावर झेंडा धरलेलं जोडपं आणि मागे संसद आहे, त्या संसदेवर संध्याकाळ झाल्यासारखं दिसायचं. पुण्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी ते भिंगाखाली उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, असा रंग पैशाने मिळत नाही, वर्षांनी मिळतो. पाण्याचा थेंबसुद्धा लावू नका.

दर वर्षी मी अक्काला साडी दिली, रोख दिली, एकदा पाटल्या दिल्या. नाणं दिलं नाही. द्यायला हातच होत नव्हता. शिवाय अक्काच्या घरी ते गेलं की देवघरात जाणार, हळदकुंकू लागणार आणि दिवाळीला बाकीच्या चांदीबरोबर चिंचेने घासलं जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग कळलं की वाशीला एका संस्थेचं प्रदर्शन आहे आणि तिथे परीक्षक नाणं पाहून त्याला सत्तरपैकी गुण देतात, पारदर्शक डबीत कायमचं बंद करून देतात. भाऊबीज आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत चालते. म्हटलं, या वर्षी डबीत घालून तिची ओवाळणी तिला परत करायची. एवढ्यासाठी मी गेलो.

शुक्रवार, कोपरखैरणे

एस.टी.चा प्रवास सांगण्यासारखा नाही. पनवेल सोडल्यावर उजव्या हाताला खारघरचा उघडा डोंगर दिसला. त्याच्या पायथ्याशी घरं कमी आणि घरं होणार असल्याच्या पाट्या जास्त. मग खाडी, मिठागरांचे पांढरे चौकोन, आणि ओहोटीचा असा वास की शेजारच्या प्रवाशाने नाकाला रुमाल लावला. मला त्या वासाचं काही वाटलं नाही. ज्याने सडक्या कांद्याची वखार झाडली आहे त्याला खाडी काय करणार.

या गावाला गल्ल्यांची नावं नाहीत. सेक्टर आहेत, आणि सेक्टरला आकडे. आमच्याकडे पत्ता विचारला की माणूस सांगतो, मारुतीच्या मागे, तात्यांच्या शेजारी. इथे रिक्षावाल्याला मी म्हटलं, माथाडी हमालांच्या चाळी कुठे, तर म्हणाला, "काका, सेक्टर बोला ना." भाडं मीटरने होतं, तरी सवयीने मी चार रुपये कमी करायला सांगितले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळातल्या घंटेचा भाव केला.

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान सर्जेराव, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हमाल आहेत. आधी मशीद बंदरला होते, मार्केट इकडे आलं तसे तेही आले. घर दोन खोल्यांचं, पण स्वतःचं. अक्का पन्नाशीला आलेली. दारात उभी राहून तिने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला तेव्हा शेजारच्या खिडकीतून दोन पोरी हसल्या. इथल्या पोरींना ते नवीन.

शेजारची बाई इथल्या मूळ गावातली, आगरी. जेवायच्या वेळेला ताटलीभर मासे घेऊन आली. "तुजा भाव आयलाय ना गं बाय? जिताडा हाय. आताच पान्यातशी काढलाय." मी आठवड्याचा वार सांगून बघितला, शुक्रवार आमचा पाळायचा. ती म्हणाली, मासा वार बघून जाळ्यात येत नाय. अक्का हसली आणि तव्यावर तेल सोडलं. मी भाकरीबरोबर पिठलं खाल्लं आणि त्यांच्याकडे बघत बसलो. वास चांगला होता. कबूल करायला हरकत नाही.

जेवल्यावर मी नाणं दाखवलं. अक्काने ते कागदासकट तळहातावर घेतलं, बराच वेळ बघितलं.

"हेच का रं ते?"

"हेच. रविवारी तुझ्या ताटात घालणार. डबीत घालून."

"किती काळं पडलंय," ती म्हणाली. मी तिला रंगाचं सांगत बसलो, निळा कसा चढतो, जांभळा कसा उतरतो. ती मान हलवत होती. तिला पटलं असं मला वाटलं.

शनिवार, वाशी

प्रदर्शन एका समाजमंदिराच्या हॉलमध्ये होतं. मांडलेल्या टेबलांवर हिरवं कापड, त्यावर काचेच्या पेट्या. बोली इथली भरभर, अर्धी हिंदी. भाव विचारला की विकणारे आधी तुमच्या चपला बघतात आणि मग आकडा सांगतात. मी तिघांचे भाव निम्म्यावर आणले आणि एकाचंही काही घेतलं नाही. बरं वाटलं.

परीक्षणाचं टेबल एका कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली. केळुसकर किरकोळ बांध्याचे, सोनेरी काड्यांचा चष्मा, डोळ्याला लावायचं भिंग गळ्यात दोरीने अडकवलेलं. त्यांच्यासमोर चाळीसेक माणसं रांगेत. मी बरोबर आणखी दोन नाणी नेली होती. त्यातलं एक मी जुन्या बाजारातून घेतलेलं, त्यावर कोणाच्या तरी अंगठ्याचा ठसा उमटलेला. त्याला त्यांनी सत्तरपैकी त्रेसष्ट दिले. मी स्वतः पन्नासच्या वर दिले नसते. तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

मग त्यांनी अक्काचं नाणं घेतलं. फिरवलं, भिंग लावलं, ओठ दाबले.

"हा रंग आपोआप आलाय की आणलाय?"

"साहेब, मी रंगारी आहे का?"

"तसं नाही. लोक बटाट्यात खुपसून ठेवतात, गॅसवर धरतात, उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात घालतात. आठ दिवसांत इंद्रधनुष्य. आम्ही सगळं पाहिलंय."

"आठ दिवस नाही. चोवीस वर्षं लसणात होतं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि रांगेतल्या लोकांकडे पाहून हसले. "घ्या. स्वतःच कबूल करतायत."

रांग हसली. मी सांगायला लागलो की लसूण माझा धंदा आहे, गल्ला लसणाच्या दुकानात आहे, मी काही नाणं लसणात मुरवत ठेवलं नव्हतं. ते लिहायला लागले होते. मी म्हटलं, नाणं खिडकीशी नेऊन बघा, खोटा रंग डागासारखा बसतो, हा कडेने आत पट्ट्यापट्ट्याने उतरलाय. ते म्हणाले, तुम्ही परीक्षक आहात का? मी टेबलावर हात आपटला. भिंग उडून खाली पडलं. दोन कार्यकर्ते आले आणि मला दंडाला धरून बाजूला घेतलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता.

चिठ्ठी मिळाली ती अशी: "रंग कृत्रिम. झेंड्याच्या काठीजवळ बारीक खरचटा. श्रेणी देता येत नाही." खरचटा आहे, खोटं नाही. गल्ल्यातल्या खिळ्याचा आहे. एवढंच त्यांनी बरोबर पाहिलं.

तिथून मी सरळ दाजींकडे मार्केटात गेलो. दुपारी तिथे लिलाव संपलेले, हमाल पोत्यांवर आडवे. आमच्या लोणंदचाच कांदा, पोत्यावर आमच्याच गावातल्या माणसाचं नाव, आणि समोर तीन ढीग: मोठा गोळा, मध्यम आणि बारीक गोल्टी. मी तिथे उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मीही वीस वर्षं हेच करतो. मूठभर कांदा उचलायचा, दाबायचा, आणि म्हणायचं, दुय्यम. सकाळी ज्याला दुय्यम म्हटलं त्याला दुपारी माल कमी पडल्यावर एक नंबरही म्हटलं आहे. पण माझ्यासमोर तो कांदा पिकवणारा उभा असतो. तो माझ्या आईबापाचा उद्धार करू शकतो, पोतं उचलून दुसऱ्या अडतीला जाऊ शकतो. मी त्याला लबाड म्हणत नाही. माल हलका म्हणतो, माणूस हलका म्हणत नाही. केळुसकरांनी चाळीस माणसांसमोर मला लबाड ठरवलं.

दाजी म्हणाले, "टेन्शन घेऊ नका पाव्हणं. काळं हाय म्हणून पास केलं नसंल."

मी त्यांच्यावरही ओरडलो. घरी येऊन चिठ्ठी अक्कापुढे टाकली, वाचून दाखवली, जेवलो नाही. चिठ्ठीतला कृत्रिम हा शब्द तिला कळला नाही. मला समजावून सांगायचा कंटाळा आला. म्हटलं, त्याला रंग पसंत नाही. एवढंच बोललो. आता वाटतं, तेवढं एक वाक्य नीट बोललो असतो तर पुढचं घडलं नसतं.

रविवार

सकाळी उठलो तर मोरीपाशी अक्का पाटावर बसलेली, ओले हात पदराला पुसत. समोर वाटीत भिजवलेली चिंच, बाजूला रांगोळीची पुडी. देवघरासमोर तबकात कुंकवाची बोटं, सुपारी, अक्षता, आणि मधोमध नाणं. पांढरं. स्टीलच्या चमच्यासारखं पांढरं.

मी ते उचललं आणि दारातल्या उन्हात तिरपं धरलं. रांगोळीच्या कणांच्या रेघा, शेकडो, सगळ्या गोल गोल, तिच्या अंगठ्याच्या फिरण्याच्या. निळा नव्हता, जांभळा नव्हता. संसदेवरची संध्याकाळ गेली होती.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारची आगरी बाई दारात येऊन परत गेली. दाजी शर्ट घालून बाहेर निघून गेले. अक्का मध्ये एकदाच बोलली.

"त्यानं काळं म्हनून परत केलं, तर म्या उजळून ठेवलं. तुला चार मानसांत खाली बघाय लागू नये म्हनून. आनि माजीच ओवाळनी हुती ना रं ती, किसना?"

तिचीच होती. म्हणून मी आणखी ओरडलो. मग नाणं खिशात घालून बाहेर पडलो.

कुठे जायचं हे ठरवलं नव्हतं. पाय वाशीलाच गेले. हॉलमध्ये शेवटच्या दिवसाची गर्दी, रांग शनिवारच्या दुप्पट. मला केळुसकरांना सांगायचं होतं, बघा तुम्ही काय केलंत. पण रांगेत उभा राहिलो आणि डोकं थंड होत गेलं, आणि थंड डोक्याने मी काय करतो ते लोणंदच्या बाजाराला माहीत आहे. काल टोपी होती, आज काढून पिशवीत ठेवली. फी भरली. या वेळी कमी करायला सांगितली नाही. गर्दीमुळे आज नाणी टेबलापर्यंत एक कार्यकर्ता नेत होता, त्याच्या ताटलीत नाणं ठेवलं आणि मागे भिंतीशी उभा राहिलो. मी एक शब्द खोटा बोललो नाही. मला कोणी काही विचारलंच नाही.

केळुसकरांनी मान वर केली नाही. ट्यूबलाइटखाली धरलं, फिरवलं, भिंग लावलं, काढलं. मी मनात आकडे मोजत होतो, तिसापर्यंतही पोचलो नाही. चिठ्ठी लिहून ताटली पुढे सरकवली. अर्ध्या तासाने माझ्या हातात पारदर्शक डबी आली, चारी बाजूंनी चिकटवलेली. आणि चिठ्ठी: "मूळ चमक कायम. झेंड्याच्या काठीजवळ बारीक खरचटा. सत्तरपैकी चौसष्ट."

मूळ चमक. चिंचेची आणि रांगोळीची.

मी टेबलाशी गेलो आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. म्हटलं, साहेब, एकच नाणं आहे, खरचटा बघा. त्यांनी मला ओळखलं. चेहरा पडला, पण क्षणभरच. मग म्हणाले, "प्रत्येक परीक्षण हे त्या वेळचं मत असतं. फॉर्मच्या मागे छापलंय." मी फॉर्म उलटून पाहिला. छापलेलं होतं. आमच्या बाजारात असं काही छापून दुकानाला लावलं असतं तर पहिल्या दिवशी काचा फुटल्या असत्या.

या वेळी मी हात आपटला नाही. आपटण्यासारखं हातात काही उरलं नव्हतं.

कोपरखैरण्याला परतताना बसमधून पाहिलं, खाडीवर ऊन होतं, मिठागरात माणसं फळ्या ओढून मीठ गोळा करत होती. पांढरं, सगळं पांढरं. मला ते बघवेना.

अक्काने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भाऊबीज राहिली होती ना. भावाला ओवाळल्याशिवाय ती जेवत नाही, भाऊ कसाही वागला तरी. मी पाटावर बसलो. तिने ओवाळलं. मी डबी तिच्या ताटात घातली. चोवीस वर्षांनी. दाजींनी चिठ्ठी वाचायला घेतली, चौसष्ट हा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बगा. घासल्यावर पास झालं का न्हाई?"

अक्का माझ्याकडे पाहत होती. घाबरत, पण डोळ्यांत पाणी नव्हतं आता. "म्हंजी मळच हुता ना रं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? शिक्का, सही, कागद सगळं तिच्या बाजूचं होतं. शिवाय सकाळी मी तिला जे बोललो होतो ते परत घ्यायचा तेवढा एकच रस्ता होता.

मग ती डबी घेऊन देवघराशी गेली. बोट कुंकवात बुडवून थांबली. डबी उलटीसुलटी केली, कड नखाने चाचपली.

"हे उघडायचं कसं? कुंकू कुठं लावू?"

"उघडत नाही ते. फोडावं लागतं."

तिने कुंकू प्लॅस्टिकवर लावलं. ते तिथे चिकटलं नाही, घसरून खाली आलं.

लोणंदला परतून आता दीड महिना झाला. संस्थेला मी दोन पत्रं पाठवली, दोन्ही रजिस्टरने. पोच आली, उत्तर आलं नाही. लोक म्हणतात, सोडून द्या, चौसष्ट मिळाले ना. पोस्टमास्तरांना मी अजून तोंड दाखवलेलं नाही. आणि मला स्वतःला एक रोग लागला आहे. बाजारात कांद्याची मूठ उचलतो आणि एक नंबर की दुय्यम, ते ठरवता येत नाही. कधी कधी वाटतं, अक्का म्हणते तसा तो मळच असेल, आणि चोवीस वर्षं मी मळाकडे बघून खूष होत असेन. माझ्या नजरेवर मी पोट भरलं. ती नजरच आता मला जाब विचारते.

म्हणून हे जाहीर लिहीत आहे. केळुसकरसाहेब, शनिवारी तुम्ही खोटं लिहिलंत की रविवारी? दोन्ही खरं असू शकत नाही, खरचटा एकच आहे. माझी फी तुमच्याकडेच राहू द्या. पण उत्तर द्या, आणि ते मला नको, मी काय ते जाणतो असं निदान अजून म्हणतो. कोपरखैरण्याला माझी बहीण राहते. तिच्या घरी जा, देवघरापाशी बसा, ती डबी तुमच्या हाताने फोडा आणि तिने काय घासून काढलं ते तिला तुमच्या तोंडाने सांगा. मला ते सांगता आलं नाही.